वावडें आणि त्याचा उतारा

मराठी घरांत ‘वावडें’ हा शब्द फार जुना आहे. कोणाला वांग्याचें वावडें असतें, कोणाला कोळंबीचें, कोणाला भुईमुगाच्या दाण्यांचें. चुकून तो पदार्थ पानांत पडला, तर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, खाज सुटते. मग घरांतील वडील माणसें आमसुलाचें पाणी अंगाला चोळतात, आणि घटकाभरानें सारें निवळलें म्हणजे निर्धास्त होतात. बहुतेक वेळां तें खरोखरच निवळतें. परंतु क्वचित् एखाद्या वेळीं तें निवळत नाहीं. गांधींच्या मागोमाग घसा आवळतो, श्वासाला घरघर लागते, रक्ताचा दाब एकाएकीं उतरतो, आणि अर्ध्या तासापूर्वीं पंगतींत हंसत बसलेला मनुष्य मृत्यूच्या दारीं जाऊन पोंचतो. ह्या प्रकाराला वैद्यकांत अॅनफिलॅक्सिस असें नांव आहे, आणि त्यावर पहिला व खरा उतारा एकच आहे. त्याचें नांव अॅड्रिनॅलिन.

नवल हें कीं, हा उतारा आणि हें दुखणें या दोहोंची नीट ओळख जगाला अवघ्या दोन वर्षांच्या आंत झाली. आधीं औषध हातीं आलें, आणि मग रोगाला नांव मिळालें. असें असूनही, ज्याच्या जिवावर बेततें त्याच्या स्वतःच्या हातांत तो उतारा तयार यंत्राच्या रूपानें येण्यास ऐंशीहून अधिक वर्षें लागलीं. औषध सांपडणें आणि औषध वेळेवर हाताशीं असणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अॅड्रिनॅलिनचा सारा इतिहास ह्या दोन गोष्टींमधील अंतर तोडण्याचा इतिहास आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथि असतात. त्यांचें नेमकें काम काय, हें एकोणिसावें शतक सरत आलें तरी कोणास ठाऊक नव्हतें. इंग्लंडमधील हॅरोगेट येथें जॉर्ज ऑलिव्हर नांवाचे एक डॉक्टर होते. मोजमापाचीं नवीं उपकरणें बनविण्याचा त्यांना छंद होता. ह्या ग्रंथींच्या अर्कानें मनगटाची धमनी आकसते असें त्यांना वाटलें, आणि ती गोष्ट घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत प्राध्यापक एडवर्ड शेफर यांच्याकडे गेले. शेफर त्या वेळीं एका कुत्र्यावर रक्तदाबाचा प्रयोग करीत होते. पाहुण्याचें म्हणणें त्यांना पटलें नाहीं. पण आग्रह मोडवेना, म्हणून त्यांनीं त्याच्या कुपींतील अर्क त्या कुत्र्याच्या शिरेंत सोडला, आणि दाब मोजणाऱ्या नळींतला पारा थक्क करील इतका वर चढत गेला, अशी आख्यायिका वैद्यकांत सांगतात. आख्यायिकेला थोडेंफार मीठमसाला लागलें असेल. परंतु १८९४ व १८९५ सालीं ह्या दोघांनीं प्रसिद्ध केलेले निबंध पक्के आहेत. १८९५ सालींच क्राको शहरीं नेपोलियन त्सिबुल्स्की यांनींही हाच परिणाम स्वतंत्रपणें दाखवून दिला.

आतां प्रश्न उरला तो त्या अर्कांतलें सत्त्व वेगळें काढण्याचा. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन जेकब एबल यांनीं ह्या सत्त्वाचा पिच्छा पुरविला, आणि १८९७ च्या सुमारास आपण मिळविलेल्या पदार्थाला ‘एपिनेफ्रिन’ असें नांव दिलें. पण तो पदार्थ अगदीं शुद्ध नव्हता. तें यश आलें एका जपानी रसायनज्ञाच्या वांट्याला. जोकिची ताकामिने यांचा जन्म १८५४ चा. ते एका वैद्याचे चिरंजीव. ग्लासगो येथें शिकून ते पुढें अमेरिकेंत स्थायिक झाले होते. न्यूयॉर्कमधील त्यांच्या लहानशा प्रयोगशाळेंत त्यांचे तरुण सहकारी केइझो उएनाका यांना १९०० च्या उन्हाळ्यांत ह्या सत्त्वाचे शुद्ध स्फटिक मिळाले. पार्क-डेव्हिस ह्या कंपनीनें तें औषध ‘अॅड्रिनॅलिन’ ह्या नांवानें बाजारांत आणलें. शरीरांतील अंतःस्रावांपैकीं शुद्ध रूपांत मानवाच्या हातीं लागलेला हा पहिलाच. १९०४ सालीं जर्मनींतील फ्रीडरिख श्टोल्झ यांनीं तो प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयारही केला, आणि मग कसाईखान्यांतून ग्रंथि गोळा करण्याची गरज राहिली नाहीं.

कंपनीनें आपल्या औषधाच्या नांवावर हक्क सांगितल्यामुळें अमेरिकेंत एबल यांचें ‘एपिनेफ्रिन’ हें नांव रूढ झालें, आणि इंग्लंडांत ‘अॅड्रिनॅलिन’ टिकलें. हिंदुस्थानांतही पुढें हेंच दुसरें नांव अधिक परिचयाचें झालें. कुपीवर कोणतेंही नांव असो, आंतील औषध एकच, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हें स्फटिक मिळाल्याला वर्ष होतें न होतें तोंच, १९०१ च्या उन्हाळ्यांत, अटलांटिक महासागरावर एक नौका फिरत होती. मोनाकोचे राजे पहिले आल्बेर यांना समुद्रविद्येचा मोठा नाद होता. त्यांच्या ‘प्रँसेस आलिस’ ह्या नौकेवर शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ पाहुणे होते. फिझेलिया नांवाच्या समुद्रजीवाच्या विषाचा अभ्यास त्यांनीं करावा, असें राजांनीं सुचविलें. मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर पावसाळ्यांत वाहून येणारी, निळ्या फुग्यासारखी दिसणारी आणि पायाला लागली कीं विस्तवासारखी झोंबणारी ‘ब्लू बॉटल’ ती ह्याच जातकुळींतली.

पॅरिसला परतल्यावर फिझेलिया मिळेना, म्हणून दोघांनीं समुद्रफुलांचें विष घेतलें. हेतु साधा होता. थोडें थोडें विष टोचीत गेलें, तर कुत्र्यांना त्याची संवय होऊन पुढें मोठी मात्राही बाधणार नाहीं, अशी त्यांची अटकळ होती. देवीच्या लशीपासून वैद्यकाची हीच श्रद्धा चालत आली होती. त्यांच्याकडे नेप्च्यून नांवाचा एक धडधाकट कुत्रा होता. पहिल्या टोचणीनें त्याला फारसें कांहीं झालें नाहीं. तीन आठवड्यांहून अधिक काळ गेल्यावर त्याला पुन्हा तेंच विष अल्प प्रमाणांत टोचलें. कांहीं क्षणांतच तो धापा टाकूं लागला, त्याला उभें राहवेना, रक्ताची ओकारी झाली, आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. संरक्षण मिळावयाचें तें दूरच राहिलें, उलट पहिल्या टोचणीनें त्याचें शरीर अधिकच हळवें करून ठेवलें होतें. संरक्षणाच्या अगदीं उलट अशी ही स्थिति म्हणून ग्रीक शब्दांवरून त्यांनीं तिला अॅनफिलॅक्सिस हें नांव दिलें, आणि १९०२ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढें आपला निबंध वाचला. ह्या कामाबद्दल रिशे यांना १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ही केवळ कुत्र्यांची गोष्ट नव्हती. घटसर्पावरील घोड्याचें रक्तजल त्या काळीं हजारों मुलांना टोचलें जात होतें, आणि त्यानें असंख्य मुलें वांचत होतीं. पण कांहीं मुलांना, विशेषतः दुसऱ्या वेळीं टोचल्यावर, ताप येई, अंगावर गांधी उठत, आणि क्वचित् जीवही जाई. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पीर्के व बेला शिक यांनीं १९०५ सालीं ह्या दुखण्यावर ग्रंथ लिहिला. पुढल्याच वर्षीं, १९०६ मध्यें, पीर्के यांनीं शरीराच्या ह्या पालटलेल्या वागणुकीला ‘अॅलर्जी’ असा शब्द बनविला. आपल्या वावड्याला शास्त्रीय नांव मिळालें तें असें.

ह्या वागणुकीचें मूळ कळावयाला मात्र आणखी साठ वर्षें गेलीं. १९६६ च्या सुमारास अमेरिकेंतील डेन्व्हर येथें किमिशिगे व तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्यानें, आणि १९६७ मध्यें स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनीं, रक्तांतील एक विशेष प्रतिद्रव्य शोधून काढलें. पुढें त्याला आयजीई असें नांव पडलें. पहिल्या भेटींत शरीर त्या परक्या पदार्थाची खूण धरून ठेवतें, आणि हें प्रतिद्रव्य कातडी, फुप्फुसें व आंतडीं येथील विशिष्ट पेशींवर पहारेकऱ्यासारखें जाऊन बसतें. पुढच्या भेटींत त्या पेशी एकदम फुटल्यासारख्या होऊन हिस्टमीन व इतर द्रव्यें ओततात. त्यांनीं रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तांतलें पाणी बाहेर झिरपून अंग सुजतें, आणि श्वासनलिका आवळतात. अॅड्रिनॅलिनचें काम नेमकें ह्याच्या उलट आहे. तें सैल पडलेल्या वाहिन्या आंखडून दाब वर आणतें, हृदयाला जोर देतें, श्वासनलिका मोकळ्या करतें, आणि त्या पेशींचें द्रव्य ओतणेंही रोखतें. चारही कामें एकट्यानें करणारें दुसरें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. १९३७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दानिएल बोवे यांनीं हिस्टमीनविरोधी औषधांचा पाया घातला. त्या गोळ्यांनीं खाज व गांधी शमतात. पण कोसळलेला दाब त्या उचलीत नाहींत आणि आवळलेला घसा सोडवीत नाहींत. गोळी दिली, आतां थोडी वाट पाहूं, ह्या विचारांत पुष्कळांचा अमोल वेळ गेला आहे.

अॅड्रिनॅलिन टोचून रुग्णाला देण्याची सुरुवात दम्यापासून झाली. १९०३ सालीं न्यूयॉर्कच्या बुलोवा व कॅप्लन ह्या डॉक्टरांनीं दम्याच्या झटक्यांत त्याचा उपयोग केला. पुढें रक्तजल टोचणाऱ्या डॉक्टरानें अॅड्रिनॅलिनची कुपी जवळ ठेवावी, ही वैद्यकांतली रीतच पडली. परंतु ती कुपी डॉक्टरच्या पेटींत असे. रोगी घरीं, शेतांत, खानावळींत, आगगाडींत. पोटांत घेण्याचा उपाय नाहीं, कारण गिळलेलें अॅड्रिनॅलिन रक्तांत पोंचण्यापूर्वींच नाश पावतें. तें टोचलेंच पाहिजे. कांचेची कुपी फोडावयाची, सुईनें औषध ओढावयाचें, मात्रा मोजावयाची, हवेचा बुडबुडा काढावयाचा. सरावाच्या हातालाही ह्यास वेळ लागतो. मग ज्याचे हात थरथरत आहेत आणि डोळ्यांपुढें अंधारी येत आहे, त्यानें तें कसें करावें?

आणि वेळ तर फारच थोडा. इंग्लंडमध्यें मँचेस्टरचे रिचर्ड पम्फ्री यांनीं अशा मृत्यूंच्या नोंदी तपासून २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास किंवा हृदय बंद पडण्यास लागलेला मध्यम काळ अन्नाच्या वावड्यांत ३० मिनिटें, गांधीलमाशीसारख्या दंशांत १५ मिनिटें, आणि टोचलेल्या औषधांच्या वावड्यांत अवघा ५ मिनिटें, असें त्यांत दिसून आलें. डॉक्टरला बोलावणें धाडून त्याची वाट पाहत बसण्यास हा हिशेब सवड देत नाहीं.

हें अंतर तोडणारें यंत्र शेवटीं रुग्णालयांतून आलें नाहीं, तें युद्धखात्यांतून आलें. १९३६ सालीं जर्मनींत मज्जातंतूंना मारणाऱ्या विषारी द्रव्याचा शोध लागला होता. महायुद्धानंतर सर्वच मोठ्या सैन्यांना अशा विषांची धास्ती पडली. त्यांवर उतारा होता, पण तो क्षणार्धांत, गणवेशावरूनच, आणि सैनिकानें स्वतः टोचून घेतला पाहिजे होता. त्यासाठीं स्प्रिंगच्या जोरावर चालणारी सुई निघाली. दांडी मांडीवर दाबली कीं आंत दडलेली सुई बाहेर येते आणि मोजकी मात्रा स्नायूंत सोडते. अमेरिकेंत मेरीलंड प्रांतीं काम करणारे शेल्डन कॅप्लन हे अभियंते अशा यंत्रांच्या घडणींत अग्रभागीं होते. १९७० नंतरच्या दशकांतलें हें त्यांचें काम. सैनिकाच्या विषाऐवजीं वावड्याचा उतारा त्याच नळींत भरला, आणि १९८७ सालीं अमेरिकेच्या औषध खात्यानें ‘एपिपेन’ला मान्यता दिली. नेप्च्यून कुत्रा मेल्याला तोंवर ८५ वर्षें झालीं होतीं.

सुई मांडींतच कां, ह्यालाही इतिहास आहे. दीर्घकाळ अॅड्रिनॅलिन कातडीखालीं टोचीत. कॅनडांतील विनिपेगच्या एस्टेल सिमन्स व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं मुलांवर केलेल्या अभ्यासांत दाखवून दिलें कीं, मांडीच्या स्नायूंत टोचलेलें औषध सरासरीनें ८ मिनिटांत रक्तांत शिगेला पोंचतें, तर कातडीखालीं टोचलेल्याला ३४ मिनिटें लागतात. ज्या दुखण्यांत अर्ध्या तासांत निकाल लागतो, तेथें ह्या फरकाचा अर्थ सांगावयास नको.

म्हणून ज्यांच्या घरीं असें वावडें असेल, त्या श्रोत्यांनीं ह्या यंत्राची रीत संकट येण्यापूर्वींच अंगवळणीं पाडावी. अंगावर गांधी उठून त्यासोबत श्वास अडूं लागला, आवाज बसला, जीभ सुजली, एकसारख्या उलट्या होऊं लागल्या, किंवा भोंवळ आली, तर संशयाचा फायदा रोगाला न देतां औषध द्यावें. अमेरिकेंतील मान्यतेप्रमाणें ३० किलोग्रॅम व त्यावरील वजनास ०.३ मिलिग्रॅमचें, आणि १५ ते ३० किलोग्रॅम वजनाच्या मुलास ०.१५ मिलिग्रॅमचें यंत्र असतें. सुरक्षेचें टोपण काढून सुईचें टोंक मांडीच्या बाहेरील मध्यभागीं, कपड्यावरूनसुद्धां, घट्ट दाबावें आणि त्या यंत्रावर सांगितलें असेल तितका वेळ धरून ठेवावें. पूर्वीं एपिपेनसाठीं १० सेकंद सांगत, पुढें त्याचे ३ सेकंद झाले. अंगठा टोंकावर कधींही ठेवूं नये. घाईंत उलटें धरून स्वतःच्या अंगठ्यांत सुई मारून घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. मग रुग्णाला आडवें निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर पाय पसरून टेंकून बसवावें. पण एकदम उठवून उभें करूं नये, चालवूं नये. अशा वेळीं एकाएकीं उठल्यानें हृदय रिकामें पडून मृत्यु आल्याचें पम्फ्री यांनींच नोंदलें आहे. गुण न आल्यास सुमारें पांच मिनिटांनीं दुसरी मात्रा द्यावी, म्हणूनच हीं यंत्रें जोडीनें जवळ बाळगतात. आणि बरें वाटलें तरी रुग्णालयांत गेलेंच पाहिजे, कारण औषधाचा अंमल ओसरल्यावर, कधीं कधीं कांहीं तासांनींसुद्धां, दुखणें उलटतें.

ह्या यंत्राची निगा म्हणजे आंतील औषधाचीच निगा. अॅड्रिनॅलिन मोठें नाजूक आहे. उजेड, हवा आणि उष्णता यांनीं तें बिघडतें, प्रथम गुलाबी आणि पुढें तपकिरी होतें. तें १५ ते ३० अंश सेल्सियसच्या आंत, आपल्या नळींत, अंधारांत ठेवावें. बर्फाच्या कपाटांत ठेवूं नये. गारठ्यानें यंत्र दगा देऊं शकतें. विदर्भांतल्या वैशाखांत उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत तर तें क्षणभरही विसरूं नये. यंत्राच्या खिडकींतून अधूनमधून पाहावें. औषध पाण्यासारखें निर्मळ नसेल, त्यांत कण दिसत असतील, किंवा मुदत संपली असेल, तर नवें आणावें. मात्र प्रसंग ओढवला आणि हाताशीं मुदत गेलेलें पण निर्मळ औषध तेवढेंच असलें, तर कांहींच न देण्यापेक्षां तें देणें बरें.

आतां राहिलें अंतर पैशाचें. अॅड्रिनॅलिन हें मुळांत स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७७ सालीं केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्याच यादींत त्याला जागा मिळाली. परंतु यंत्राची गोष्ट वेगळी. अमेरिकेंत २००७ च्या सुमारास सुमारें १०० डॉलरला मिळणारी जोडी २०१६ पर्यंत सुमारें ६०० डॉलरवर गेली, आणि त्या देशाच्या लोकसभेच्या समितीपुढें त्याबद्दल जाब विचारला गेला. २०१८ सालीं दुसऱ्या कंपनीच्या त्याच प्रकारच्या यंत्रास मान्यता मिळाली, आणि २०२४ च्या ऑगस्टांत नाकांत फवारण्याचें, सुईविरहित अॅड्रिनॅलिनही मान्य झालें. भारतांत मात्र दीर्घकाळ कांचेची कुपी आणि पिचकारी हीच रीत राहिली आहे. २०२१ सालीं कोविडची लस टोचून घेतल्यावर गांवोगांवच्या लोकांना अर्धा तास बसवून ठेवीत, त्याचें कारण हेंच होतें. आणि त्या खोलींतल्या औषधपेटींत जी लहानशी कुपी असे, ती ताकामिने यांच्या स्फटिकांचीच वारस होती. घरीं यंत्र नसलें, तर कुपी व पिचकारी कोणीं, किती व कशी द्यावयाची, हें आपल्या डॉक्टराकडून आधींच लिहून घेऊन शिकून ठेवणें हा त्यावरचा व्यवहारी मार्ग आहे.

ऑलिव्हरपासून कॅप्लनपर्यंत इतक्या जणांनीं रुग्ण आणि उतारा यांमधलें अंतर कमी करीत आणलें. त्यांतलें शेवटचें हातभर अंतर मात्र कोणा शास्त्रज्ञाला तोडतां येत नाहीं. यंत्र कपाटांत कुलूपबंद राहिलें, प्रवासाला निघतांना घरीं विसरलें, किंवा हातांत असूनही ‘एवढ्यांत कशाला’ म्हणून दोघांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें, तर ती सर्व वर्षें त्या घटकेपुरतीं पाण्यांत जातात. तेवढें अंतर घरच्या माणसांनींच तोडावयाचें असतें.